चौदा पावलांचं पैंजण

हुपरीत आमच्या गल्लीत बायडाबाईचं घर आहे. पैंजणाच्या कड्या जुळवून त्यांना डाख द्यायचा, हे तिचं काम. डाख म्हणजे चांदीचा चांदीला लावायचा जोड. तोंडात फुंकणी, पुढ्यात दिवा, आणि ज्योत अशी वळवणार, की कडी तापेल पण नक्षी वितळणार नाही. चाळीस वर्षं हे चाललं आहे.

पैंजण पॉलिशला जाण्याआधी बायडाबाई ते स्वतःच्या पायात घालते आणि उंबऱ्यापासून नळापर्यंत चालते. सात पावलं जाताना, सात येताना. ही तिच्या सासूची रीत. कानाला पटलं तरच पैंजणांचा जोड कापडात गुंडाळला जातो.

एका वर्षी दुबईच्या एका व्यापाऱ्याने दोन पेढ्यांना एकाच वेळी भाव विचारला होता. एक पेढी राजवीरची, दुसरी अमरसिंहची. दोघेही चांदी गल्लीत देत आणि तयार माल घेऊन जात. एक जण भाव खाली आणी, की दुसरा आणखी खाली उतरे. असं उतरता उतरता दोघेही बायडाबाईच्या दिव्यापाशी येऊन पोचले.

राजवीर सकाळी आला.

"मावशी, आता एक आड एक कडीलाच डाख द्यायचा. तेल वाचतंय, वेळ वाचतोय."

"आणि उरलेल्या कड्या?"

"नुसत्या दाबून बसवायच्या. तिकडं कोण बघतंय बाईच्या पायाकडं?"

"का रं, तिकडं बायका हातावर चालत्यात व्हय?"

राजवीर हसला नाही. "अमरसिंह हेच करणार हाय. आम्ही न्हाय केलं तर आम्ही संपलो."

दुपारी अमरसिंह आला. शब्द तेच, फक्त त्यात नाव राजवीरचं.

बायडाबाईने त्याला बसवलं. त्याने सांगितलं तसा एक जोड केला, पायात घातला आणि चालायला लागली. नवव्या पावलाला कडी उघडली आणि घुंगरू फरशीवर घरंगळत त्याच्या चपलेपाशी गेलं.

"दुबईत गालिचे असत्यात, मावशी," अमरसिंह ओशाळून म्हणाला.

"मग गालिच्यात आधी अडकंल. उचला ते. आणि तुमची चांदीबी न्या."

दोन्ही पेढ्यांची चांदी परत गेली. संध्याकाळी सून संयोगिता म्हणाली, "आत्या, आपण न्हाय केलं तर पलीकडची गल्ली करणारच की. घरात दुसरं काम न्हाय. मी कारखान्यात जाऊ का?"

"जा, कुणी अडवलंय? पण अर्धा डाख ह्या घरात व्हायचा न्हाय."

मग पदर खोचून बायडाबाई आधी गल्लीतल्या अकरा घरांत गेली, नंतर पलीकडच्या गल्लीत. प्रत्येक उंबऱ्यावर तिने घरच्या चांदीचं, तसंच अर्ध्या डाखाचं पैंजण कडी पुन्हा दाबून बाईच्या पायात घातलं आणि एवढंच म्हणाली, "चाल." बायका चालल्या. कुणाचं पाचव्या पावलाला सुटलं, कुणाचं अकराव्या. भाषणाची गरज पडली नाही; दोन्ही गल्ल्यांनी अर्धा डाख नाकारला.

तीन आठवडे गल्लीत फुंकणीचा आवाज नव्हता. संयोगिता कारखान्यात नाव नोंदवून आली. बायडाबाई रोज दिवा पुसून ठेवायची.

मग राजवीर चांदी घेऊन आला. दोन्ही पेढ्यांनी दुसऱ्या गावाहून करून घेतलेला अर्ध्या डाखाचा माल दुबईच्या व्यापाऱ्याने कड्या सुटतात म्हणून परत पाठवला होता.

"सगळ्या कड्यांना डाख द्या, मावशी. पण एक अट हाय. ह्या गल्लीचा माल फक्त आमच्याच पेढीला."

"न्हाय."

"अवो, आम्ही आधी आलो की!"

"तू आधी आलास म्हणून पैंजण तुझं झालं न्हाय. दोघांनाबी सारखाच डाख मिळंल. भांडायचं तर नक्षीवर भांडा, माल वेळेवर पोचवण्यावर भांडा. आमच्या जोडावर न्हाय."

राजवीर घुटमळला. चांदी पुन्हा पिशवीत घालू लागला, मग थांबला आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

संयोगिताने दिवा पेटवला. दुपारपर्यंत पहिला जोड झाला. बायडाबाईने तो पायात घातला आणि निघाली. ती नळापाशी वळली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला अमरसिंहची मोटारसायकल थांबली. राजवीर घाईने पुढे झाला आणि त्याने जोडासाठी हात पसरला.

"बाजूला व्हा, पावणं," बायडाबाई म्हणाली. "अजून सात पावलं राहिल्यात."