फिरवून घेतलेला कौल

आमच्या गावच्या देवळात जत्रेला पिस्तूल नेऊ द्यावं का, या प्रश्नावर देवाचा पहिला कौल डावा पडला होता. म्हणजे नको. हे दोनच माणसांना माहीत होतं. एक गाभाऱ्यात पाषाणासमोर बसलेले गुरवकाका, आणि दुसरा मी, दुबईतल्या अल कुसैसमध्ये इमारतीमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, फोनच्या पडद्यावर ते बघणारा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, मी गावाच्या विषयावर गप्प होतो तो आईच्या काळजीने.

आमचं गाव तळकोकणात. तिथे लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, दशावताराची तारीख ठरवायची असो, आधी देवाला विचारतात. गुरव ओल्या कळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न मांडतो आणि हात जोडून बसतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एका प्रश्नाला एकच कौल. मिळालेला कौल फिरवायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो न पाळणारा माणूस मी पाहिला नव्हता. गुरवकाका चाळीसेक वर्षं हे काम करत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील.

करोनानंतरची पहिली मोठी जत्रा यायची होती. शेजारच्या गावात देवळात चोरी झाली होती. देवाचा चांदीचा मुखवटा गेला आणि राखणीला झोपलेल्या म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. त्याच सुमारास आमच्या ग्रुपवर कुठल्या कुठल्या देशांतले व्हिडिओ फिरत होते. प्रार्थना चालू असताना कुणीतरी आत शिरतो आणि गोळ्या झाडतो. ते व्हिडिओ मी ऑफिसच्या पँट्रीत उभा राहून पुन्हा पुन्हा बघायचो. माझी आई जत्रेत गाभाऱ्याच्या दाराला लागून बसते. तिचा गुडघा दुखतो, तिला पळता येत नाही. व्हिडिओत कुणीही म्हातारी बाई दिसली की मला तीच दिसायची.

मग माझ्या चुलत भावाने, ज्याला सगळं गाव दादा म्हणतं, एक गोष्ट सुचवली. दादा फौजेतून निवृत्त झालेला. पुढे काही वर्षं मुंबईत एका बिल्डरकडे बॉडीगार्ड होता, तेव्हापासून त्याच्याकडे लायसनचं पिस्तूल. तो म्हणाला, जत्रेत मी ते सदऱ्याखाली कमरेला लावून फिरतो, कुणाला दिसणारही नाही. गावात दोन तट पडले. कुणीतरी म्हणालं, दुबईकरांना विचारा. दुबईकर म्हणजे आम्ही, गावची इथे असलेली सातआठ घरं. देवळाचा सभामंडप आम्हीच बांधून दिला होता, त्यामुळे आमच्या शब्दाला जरा जास्तच वजन होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळे माझ्या फ्लॅटवर जमले. शारजात रोल्लाला राहणारा माझा वर्गमित्र, ज्याला कशाचंच गांभीर्य नाही असं आम्ही समजायचो, तो चहा हातात घेऊनच सुरू झाला.

"देवाला बॉडीगार्ड? मग यल्ला, गणपतीच्या उंदरालाही एक बुलेटप्रूफ जॅकेट शिवू."

"तुझं काय जातंय," मी म्हटलं. "तुझी आई मुंबईत आहे."

"अरे हबीबी, ऐक तर. दादाच्या कमरेला पिस्तूल आहे हे चोराला माहीत नसणार, बरोबर?"

"तोच तर फायदा."

"आणि आपल्या लोकांनाही माहीत नसणार. म्हणजे गर्दीत दादाला कोण कोपर मारतंय, कोण त्याच्या खांद्यावर पोर बसवतंय, कुणाला पत्ता नाही. जे दिसत नाही त्याच्यापासून माणूस सांभाळून कसा राहील?"

"फौजी आहे तो. त्याला शिकवतोस?"

"फौजेत ते पिस्तूल घेऊन पालखी नाचवत नाहीत रे बाबा."

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग मी बोललो. मी सहसा बोलत नाही, म्हणून लोक ऐकतात. मी म्हटलं, आपण इथे लांब बसून हसतो, तिकडे उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एकेकाने मान डोलावली. खलास, मत झालं. फोन करून आम्ही कळवलं: दुबईचा होकार. गावाने उत्तर पाठवलं की मग देवाला विचारू, सोमवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर कौल लावू.

दुसऱ्या दिवशी आम्ही इथल्या देवळात गेलो होतो. दारात बॅगा मशीनमधून जातात. मी किल्ल्या आणि फोन ट्रेमध्ये ठेवले, पलीकडून उचलले, सवयीने. परत येताना मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "बाबा, व्हाय डज गॉड नीड अ गन?"

"देवाला नाही ग. आज्जीच्या सेफ्टीसाठी."

"डिड यू आस्क हर?"

आईला मी विचारलं नव्हतं. तिला काय विचारायचं, असंच मला वाटलं होतं. ती नंतर एकदा फोनवर आपणहून म्हणाली होती, "माका कित्याक रे तो बंदूकवालो? माझ्या अंगार काय सोना असा?" पण तेव्हा कौल लागून गेला होता.

कौल सोमवारी संध्याकाळी लागणार होता. मला तोवर धीर धरवेना. मी त्या दिवशी सकाळीच गुरवकाकांना व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, काका, कुणी नाही तोवर एकदा लावून बघा. ते नको म्हणत होते. अशी चोरून विचारणा ते करत नसत. पण मी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून दिलं होतं, डॉक्टर शोधण्यापासून गाडीने घरी पोचवण्यापर्यंत. त्याची मी आठवण करून दिली नाही. त्याची गरजच नव्हती. ते माझ्याकडे बघताना नेहमी त्या डोळ्यांनीच बघायचे.

त्यांनी फोन समईला टेकवून ठेवला. कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. दादा पिस्तूल घेऊन तुझ्या दारात येऊ दे काय, असा सरळ प्रश्न विचारला. एरवी कौलाला वेळ लागतो, माणसं तासन् तास बसतात. डावी कळी लगेच पडली.

"डावो इलो, झिला," काका म्हणाले. "देव नको म्हणता."

"काका, प्रश्न चुकला."

"प्रश्न तुझोच होतो."

"नाही, पिस्तुलाचं नाव कशाला घ्यायचं? असं विचारा, की तुझ्या लेकरांच्या राखणीला होकार दे. देव राखणीला नाही म्हणेल का?"

पडद्यावर त्यांचा कान आणि समईची ज्योत, एवढंच दिसत होतं.

"इलेलो कौल परतवूक नाय, बाबा."

"कुणाला कळणार आहे? आणि माझी आई तिथे बसते, काका."

हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं. माझे वडील गेले तेव्हा काकांनीच आईला सावरलं होतं. ते नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी ते वाक्य शेवटी ठेवलं होतं. ऑफिसात वाटाघाटी करताना मी हेच करतो.

संध्याकाळी गाव जमलं. काकांनी माझ्या शब्दांत गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला लोक "व्हय महाराजा" म्हणत होते, मी ऑफिसातून बाहेर येऊन, कानात इयरफोन घालून ऐकत होतो. बराच वेळ गेला. मग उजवी कळी पडली. फोनवर जल्लोष फुटला. दादाने देवासमोर दंडवत घातला.

मी कौल मानतो की नाही, हे मला आजही धड सांगता येणार नाही. इंजिनिअर माणूस, कळीला किती पाणी लावलं यावर ती कधी पडते असं म्हणून मोकळा होऊ शकतो. पण काका मानत होते. त्यांच्या हिशेबी त्यांनी त्या दिवशी देवाला फसवलं, आणि मी ते त्यांच्याकडून करवून घेतलं. माझी चूक दादाला पाठिंबा देण्याची नाही, किंवा तेवढीच नाही. ती चूक भीतीपोटी झाली, ती समजून घेता येते. मी एका श्रद्धाळू माणसाला त्याच्याच श्रद्धेविरुद्ध वळवलं, गोड बोलून, गाडीच्या एसीत बसून.

जत्रेच्या दिवशी पालखी निघाली तेव्हा मी पुन्हा फोनवर होतो. दादाने पालखीला खांदा दिला. पालखी नाचवताना सगळे एकदम गुडघ्यात वाकतात आणि उसळतात. दोनचार वेळा वाकून उठल्यावर त्याच्या कमरेचं पिस्तूल सटकलं आणि फरशीवर पडलं. आवाज झाला. ढोल चालू होते, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं फटाका. व्हिडिओ घेणाऱ्या पोराचा हात हलला, मग आभाळ दिसलं, मग कुणाच्यातरी चपला, मग कॉल तुटला.

गोळी आमच्या शेजारच्या वहिनींच्या मांडीत लागली. त्या ओटीचं ताट घेऊन पालखी देवळाच्या दारात यायची वाट बघत होत्या. जीव वाचला. पाय वाचला नाही. त्या आमच्या परसातून येऊन आईला पोळ्या लाटून द्यायच्या, आता आईच काठी टेकत त्यांच्याकडे जाते.

दादावर केस झाली, ती अजून चालू आहे. त्याने पोलिसांसमोर आणि गावासमोर एकच सांगितलं: लायसन माझ्याकडे होतं आणि हुकूम देवाचा होता. मग गावाचा राग कुठे जाणार? देवावर रागावता येत नाही. ज्याच्या हातून कौल लागला त्याच्यावर रागावता येतं. लोक म्हणाले, गुरवाने कौल खोटा लावला. दादाने त्याला काही दिलं असेल. सभा झाली. काकांना विचारलं, कौल खरा होता का? ते खाली मान घालून म्हणाले, "माझो हात चुकलो." एवढंच. त्यांच्याकडून देवळाची सेवा काढून घेतली. पिढ्यांचं काम एका संध्याकाळी संपलं. ते लेकीकडे, तालुक्याच्या गावी राहायला गेले.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?

"तू सांगितलंस म्हणान केलंय असा मी कसा म्हणू? कळ्यो लावलेलो हात माझोच होतो." मग विचारलं, "जेवलंस?"

गेल्या वर्षी मी गावी गेलो. ठरवून गेलो होतो. विमानात वाक्यं जुळवली, कुणापासून सुरुवात करायची तेही ठरवलं. नव्या गुरवाच्या नेमणुकीची सभा होती, मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. समोर वहिनी बसल्या होत्या, कुबडी खुर्चीला टेकवून. मी उभा राहिलो आणि देवळाला सीसीटीव्ही किती गरजेचा आहे यावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही.

परतीच्या वाटेवर मी काकांकडे गेलो. लेकीच्या घरी पडवीत बसले होते. समोर कुंडीत अनंताचं झाड होतं, कळ्यांनी भरलेलं. एकही कळी तोडलेली नव्हती. मी म्हटलं, काका, मी गावात सांगणार आहे.

"आता कित्याक? सांगान माका परत नेतले?"

"तुमचं नाव तरी..."

"गप रव, झिला. तुझ्या आवशीक त्याच गावात रवाचा असा."

मी निघालो. त्यांनी मला मोकळं केलं असं मी विमानतळापर्यंत स्वतःला सांगत होतो. इमिग्रेशनच्या रांगेत लक्षात आलं की त्यांनी पुन्हा एकदा माझ्या आईचा विचार केला होता, आणि मी पुन्हा एकदा तो वापरून घेत होतो.

आमची मंडळी अजूनही शनिवारी जमतात. जगात कुठेतरी प्रार्थनेच्या जागी गोळीबार झाला की विषय निघतोच. कुणी म्हणतं, आत चारपाच जणांकडे लपवलेली पिस्तुलं असती तर हे झालंच नसतं. कुणी म्हणतं, मग हल्लेखोर कोण आणि भक्त कोण हे ओळखायचं कसं. माझा रोल्लाचा मित्र हल्ली त्यात बोलत नाही, एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं. त्याला संशय आहे की नाही, कळत नाही. मी उठून चहा टाकायला जातो. माझं मत आता पक्कं आहे, जिथे माणूस डोळे मिटून उभा राहतो तिथे कुणाच्याही कमरेला काही लपलेलं नसावं. पण ते मत मी कुठल्या तोंडाने सांगू? त्याचा काही उपयोग होईल असंही वाटत नाही. वहिनींचा पाय येणार नाही. काका आता माणसं विसरू लागलेत, लेक सांगते. कधी कधी तिलाही ओळखत नाहीत. आणखी थोड्या दिवसांनी, मी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, त्यांना ते कळणारही नाही.

तरी जे देणं आहे ते आहे. गावच्या सभेत, वहिनींच्या देखत उभं राहून, काकांकडून कौल मी फिरवून घेतला हे सांगणं, आणि त्यांचं नाव साफ करणं. ते मी अजून केलेलं नाही.