खांडबाऱ्याला नेलेला पाइपचा तुकडा

सोनगड मागे टाकून रेल्वेगाडी नवापूरला थांबली आणि मी उतरलो. तिकीट खांडबाऱ्याचे होते. ज्यांना भेटायला निघालो त्या सायमनभाऊंसमोर जायचा धीर होईना म्हणून आधीच उतरलो, हे कबूल करतो. मग स्टँडवर खांडबाऱ्याच्या जीपमध्ये अंग चोरून बसलो. मांडीवर कोणाचे तरी मिरचीचे पोते, पायांशी पिशवी, पिशवीत हातभर स्टीलचा पाइप.

मी गुजरातेत एका संशोधन केंद्रात शीतकरणाचे आराखडे करतो. सूर्यात अणू जुळून ऊर्जा निघते, तशी इथे काढायची आमची धडपड. त्यासाठी तापवलेला धगधगता वायू कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही. चुंबकांनी अधांतरी धरावा लागतो. ते चुंबक द्रव हेलियमने उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर ठेवायचे. एवढ्या थंडीत पाइप आखडतो, मीटरमागे तीनेक मिलिमीटर. ते आखडणे झेलायला पाइपला वळण देतात. जागा वाचवायला मी असे एक वळण काढून टाकले. आमचे वेल्डर सायमनभाऊ तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, हा ताणला जाईल." मी म्हणालो, "तुम्ही जोड मारा." चाचणीत हेलियम गळला आणि सगळ्या कामगारांसमोर मी त्यांच्या जोडाकडे बोट दाखवले. ते काम सोडून गावी, खांडबाऱ्याला परतले.

खांडबाऱ्यात बाजार भरला होता. रस्त्याकडेच्या दुकानात सायमनभाऊ ट्रॉलीचा हूक जोडत होते. त्यांनी तोंडावरची ढाल वर केली.

"या. पाणी घ्या."

"जरा आत बसू या?"

"आत कशाला? मला घालवलं ते चारचौघांतच ना? आमच्याकडे चूक पंचांसमोर सांगतात. बसा खाटेवर."

बाजारची माणसे जमली. ट्रॉलीवाला शेतकरी वाकून म्हणाला, "हाई काय शे भो?" (हे काय आहे?)

मी पाइप खाटेवर ठेवला. "हेलियम गळला तो यांच्या जोडातून नाही, जोड शाबूत आहे. फाटलाय तो शेजारचा पाइप, माझ्या आराखड्यामुळे. तुकडा कापून पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. दोन वर्षं गप्प बसलो."

शेतकऱ्याने पाइप उचलून पाहिला आणि विचारले, "हेलियम म्हंजे फुगामा भरतस ती हवा ना? तिन्हासाठे इतलं?" (फुग्यात भरतात ती ना? तिच्यासाठी एवढं?)

सगळे हसले. मीही हसलो. "तिला सुईच्या टोकाएवढी वाट पुरते. यांच्या जोडातून तीही मिळाली नाही. वळण परत घातलं, चुंबक थंड झाला. बाकीचे सगळे जोड अजून यांचेच आहेत, एकही गळला नाही." हे सांगताना, माझे स्वतःचे काम सांगताना कधी आला नव्हता तसा ऊर भरून आला.

"मंग इतला दिन आम्हले का नही सांगं?" (मग इतके दिवस आम्हाला का नाही सांगितलं?) शेतकऱ्याने सायमनभाऊंना विचारले.

"मी सांगून काय? बोट दाखवलं त्यानंच यायला हवं होतं."

त्यांची बायको मार्थाबाई नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन आल्या. "दोन वर्षं? आमची गाडीसुद्धा एवढी लेट होत नाही, साहेब." पण भाकरी दोनदा वाढली.

"परत येता का कामावर?" मी विचारले.

"नाही." सायमनभाऊंनी जोडावरून अंगठा फिरवला आणि तो तुकडा दुकानाच्या दारावर तारेने टांगला. "पण पुढचा आराखडा आधी इकडे पाठवा."

परतीची गाडी मी खांडबाऱ्यालाच पकडली. मार्थाबाईंनी बांधून दिलेली भाकरी सुरतेपर्यंत पुरली. दोन वर्षे पाठीवर असलेले ओझे उतरले असे म्हणणार नाही. ते त्यांच्या दारावर सगळ्यांना दिसेल असे टांगून आलो, एवढेच. घरी पोचल्यावर नव्या चुंबकाचा आराखडा गुंडाळला आणि त्यावर खांडबाऱ्याचा पत्ता घातला. खाली रचनाकार म्हणून माझी सही आहे. 'तपासणारा' हा रकाना रिकामा ठेवला आहे.