मास्तरांची इस्त्री

माप द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला मास्तर लवकर सोडत नसत. कमरेभोवती टेप तसाच धरून ते विचारायचे, "पायजमा शिवता, पन पायजमा म्हंजे काय, मालूम आहे का?"

"मास्तर, मले जऊळक्याची गाडी गाठाची आहे. आधी कंबर मोजा."

मास्तर कंबर मोजायचे, पण सांगायचेही. फारसीत पाय म्हणजे पायच आणि जामा म्हणजे कपडा; पायाचा कपडा तो पायजमा. खिसाही तिकडचाच, मूळचा 'कीसा', म्हणजे थैली. गिऱ्हाईक गाडीसाठी पळायचं, आणि पळता पळता एकदा खिसा चाचपून बघायचं.

वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारगल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. त्याच्या पायरीशी माझी आई आमच्या मळ्यातली मेथी, वांगी, सांभार घेऊन बसायची. एकदा मास्तरांनी तिलाही धरलं. "वयनी, बाकीचा मुलूख कोथिंबीर म्हनते. आपन सांभार काहून म्हनतो?"

"माही माय म्हने म्हून," आई म्हणाली.

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मशीन थांबवलं. महिनाभर येईल त्याला ते हेच उत्तर ऐकवत होते.

उर्दू-फारसी ते वडिलांकडून शिकले होते. तिथे त्यांचा शब्द पक्का असायचा. पण ज्या शब्दाचं मूळ ठाऊक नसे, त्याला ते पदरचं ठिगळ लावत, आणि शिवण अशी सफाईची की कुणाला दिसू नये. कोळशाची जड इस्त्री फिरवता फिरवता ते मला म्हणाले होते, "घरोघरी हे काम बायाच करत. स्त्रीचं काम म्हून इस्त्री." मला ते पटलं. इतकं पटलं की वाशिमच्या कॉलेजात मराठीच्या तासाला एखाद्या शब्दाचं मूळ सांगायची पाळी आली, तेव्हा मी तेच घेऊन उभी राहिले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी बोलले, आणि मॅडम हसल्या. "अगं, स्त्रीचा इथे काय संबंध? हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे 'एस्तिरार' म्हणजे ताणणं." त्यांचं हसणं मायेचं होतं; वर्गाचं नव्हतं. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरूनही कुणीतरी "इस्त्री, ए इस्त्री" करत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईला सांगितलं, मी भाजी विकीन, शिकणं बस झालं. दुकानासमोरून जाताना मास्तरांकडे बघितलंसुद्धा नाही.

आईनेच त्यांना सांगितलं असावं. पाचव्या दिवशी सकाळी मास्तर स्वच्छ पांढरा शर्ट घालून आमच्या दारात उभे. ऐन लग्नसराईत त्यांनी दुकानाला कुलूप लावलं होतं.

"चल बेटा, कालेजात."

"मी नाही येत. तुमच्यामुळं सगळे हसले मले."

"म्हूनच चाललो. तू नुसती संग चाल. बोलीन मी."

वर्गाच्या दारात त्यांनी चप्पल काढून ठेवली. मॅडमना सलाम केला आणि आत येऊन पोरांसमोर उभे राहिले. "ते इस्तरीचं हिनं नाही, म्या सांगतलं होतं. मले मालूम नव्हतं, तरी सांगतलं. तिनं माह्यावर भरोसा ठेवला, हे तिची चूक नाही. हसाचं असन तं मले हसा."

कुणी हसलं नाही. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, धंदा विचारला. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शर्टाला काजं करता ना? तो शब्दही पोर्तुगीजच. 'काझा' म्हणजे घर."

मास्तरांनी स्वतःच्या छातीवरचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं. "म्हंजे हे बटनाचं घर! चाळीस साल झाले, मी घरं बांधून राह्यलो अन मलेच पत्ता नाही!" आता मात्र सगळा वर्ग हसला. मीही.

परत आल्यावर ते कपडे पोचवायला जातील तिथे सांगत, "इस्तरीचं मी चुकीचं सांगतलं होतं बरं." बऱ्याच जणांना काहीच आठवत नसे. ते आधी चुकीची आठवण करून देत, मग ती दुरुस्त करत. त्यानंतर ठिगळं बंद झाली. "मालूम नाही, इचारून सांगतो" असं ते खुशाल म्हणू लागले, आणि खरंच कुणाकुणाला विचारत बसत.

मी शिकले. आज मराठी शिकवते. गेल्या उन्हाळ्यात मास्तर वारले, अकोल्याच्या दवाखान्यात. मी घरी भेटायला गेले तेव्हा चाची, मास्तरांच्या बायको, रडत नव्हत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "बेटा, तुले एक सांगाचं राहून गेलं. सलाईन लावली का त्यायले लय भेव वाटे. मंग एक दिवस त्यायनं नर्सलेच इचारलं, सलाईन म्हंजे काय वो? ती म्हने, चाचा, मिठाचं पानी. तं असे हसले, बेटा! म्हने, मिठाचंच पानी हाये, अन मी उगाच भिऊन राह्यलो! मंग हात सरळ केला अन झोपले निवांत. उठल्यावर पयलं हेच म्हनले, पोरीले सांगजो."