रोज एक बादली समुद्र

क्लॅरी डनफर्ड माझ्या खालच्या बिऱ्हाडात राहायचा. टाऊन्सव्हिलला, किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत, चार बिऱ्हाडांची आमची जुनी इमारत. वर मी, खाली तो. उरलेल्या दोन घरांत माणसं येत आणि जात. चाळीस वर्षं त्याने बंदरातल्या टगबोटीवर इंजिन सांभाळलं. साखरेची अवाढव्य जहाजं ढकलत धक्क्याला लावायची आणि घरी यायचं. इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून की काय, त्याची बोलायची सवयच गेली होती. मी एकतीस वर्षं तंबूतल्या नाटकमंडळीत काढलेली; समोर एक माणूस बसला तरी मला तंबू भरल्यासारखा वाटतो. त्यामुळे आमचं जमलं. मी बोलायचे, तो चहा करायचा आणि मला ‘महाराणी’ म्हणायचा.

त्याच्या बैठकीच्या खोलीत एक लांबलचक काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. तीत खडक, वाळू, थोड्या गोगलगाई, पंजाएवढं एक समुद्रफूल (नावाचंच फूल, खरं तर बोटं हलवणारा प्राणी) आणि त्या फुलाच्या बोटांत लोळणारा एकच मासा. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. अशा माशाला विदूषक म्हणतात, पण ही मेबल कसली विदूषक! खाष्ट सासूसारखी काचेपाशी येऊन माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. वय वर्षं एकोणीस.

मेबल खरी त्याच्या मुलीची, टॅनियाची. तिने ती शाळेत असताना आणलेली. पुढे टॅनियाची आई आजारी पडली आणि गेली, त्या दिवशी क्लॅरी पाण्यावर होता. बोलावणं पोचलं होतं. तरी हातातलं जहाज धक्क्याला लावूनच तो निघाला. दोन तासांनी चुकला. टॅनिया भांडली नाही. दफन उरकल्यावर तिने बॅग भरली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, होबार्टला निघून गेली. मासा विमानात नेता येईना, म्हणून मेबल राहिली. तेव्हापासून दर रविवारी पाचला खाली फोन वाजायचा. आमच्याकडे खिडक्या बारमाही उघड्या. मला वर सगळं ऐकू यायचं. तिचा आवाजही, कारण क्लॅरीचा कान इंजिनाने खाल्लेला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

“मेबल कशी आहे?”

“बरी आहे.”

“खाते?”

“खाते.”

“बरं. ठेवते मग.”

असं अठरा वर्षं. मध्ये एकदा वादळ येऊन गेलं तेव्हा छपराची चौकशी झाली; तो सर्वांत लांब प्रयोग.

मी एकदा चेष्टेत म्हटलं, “मेबल मेली तर काय बोलशील रे तिच्याशी?”

त्याने कप खाली ठेवला. “मग ती फोन कशाला करेल?” म्हणाला.

त्यानंतर मी ती चेष्टा केली नाही.

फेब्रुवारीत क्लॅरी अंगणात घसरला आणि त्याचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया, मग ताप, मग चालायला शिकवणं; अकरा आठवडे तो घराबाहेर. स्ट्रेचरवरून जाताना मला म्हणाला, “समुद्राचंच पाणी हं, महाराणी. नळाचं घालू नकोस.”

मी शब्द दिला आणि पाळला. टाकीतलं पाणी रोज काचेवरच्या खुणेखाली जायचं. जड उचलायला मला मनाई, म्हणून मुलांची वाळूत खेळायची लाल बादली आणली. रोज सकाळी ती घेऊन किनाऱ्यावर जायचे. गळ टाकून बसलेला एक दाढीवाला रोज विचारायचा, “काय आजी, बांधून झाला का किल्ला?”

“राजा मिळू दे, मग बांधते,” मी म्हणायचे. “तुझा अर्ज आलाय, पण दाढी आडवी येते.”

टाकी मात्र बिघडत चालली. काचेवर तपकिरी बुळबुळीत थर चढला. वाळूवर लालसर साय आली. फूल आक्रसून पांढरं पडलं, पिळून टाकलेल्या मोज्यासारखं. मेबल कोपऱ्यात वाळूला टेकून धापा टाकायची. मला वाटलं, क्लॅरीसाठी झुरतेय. म्हणून मी तिच्याशी जास्त बोलायला लागले. दवाखान्यात क्लॅरी विचारायचा तेव्हा “बरी आहे” म्हणायचे. त्याचेच दोन शब्द मी उसने घेतले होते. तेच तो रविवारी पाचला दवाखान्यातून स्वतः फोन करून टॅनियाला सांगायचा; खुब्याचं मात्र त्याने तिला कळू दिलं नाही.

मे महिन्यात तो काठी टेकत घरी आला. मी भोपळ्याचे स्कोन, त्याला आवडणारे छोटे गोडसर पाव, करून ठेवलेले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“पाणी कमी झालं की काय घालायचीस?”

“समुद्राचं. रोज, स्वतः उचलून. एक दिवस चुकवला नाही, क्लॅरी. तापात प्रयोग केलेत मी.”

“रोज?”

“रोज!”

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, “पाणी उडून जातं, व्हाल्डा. मीठ उडत नाही. वरून घालायचं ते गोडं. पावसाच्या टाकीतलं.”

त्याने मला महाराणी म्हटलं नाही, त्यावरून मला कळलं. त्याने मीठ मोजायची काचेची तरंगती नळी पाण्यात सोडली. पस्तिशीला थांबायला हवी ती चव्वेचाळीसवर थांबली. सत्त्याहत्तर दिवस मी त्या बिचारीला थेंबाथेंबाने मिठात घालत होते.

“म्हणजे मी मारलं तिला.”

“मेली नाही अजून,” तो म्हणाला. “समुद्राचं पाणी म्हटलं, पण कधी ते सांगितलं नाही. अर्धंच सांगायची खोड आहे माझी. घरच्यांना विचार.”

रविवारी पाचला फोन वाजला. मी तिथेच होते, स्पंज हातात घेऊन. “मेबल कशी आहे?” आणि क्लॅरी अठरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, “बरी नाही.” मी छातीवर हात ठेवून खुणा करत होते, माझं नाव सांग, माझं! त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. “वरचं पाणी चुकलं,” म्हणाला. “माझ्याच हातून.”

मग टॅनिया बोलायला लागली. पाऊण तास बोलली! सगळं एकदम साफ करायचं नाही. मीठ झटकन उतरवायचं नाही, आठवड्याला एक अंश. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि घाण तेच खातात. मी हातातला स्पंज हळूच खाली ठेवला. नळ सोडलेलाच होता मी. माझं शास्त्र साधं: नवा प्रयोग, धुतलेला पडदा.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं काम. रोज एक जग खारं पाणी काढायचं, एक जग गोडं घालायचं, अगदी धार धरून. एका आठवड्याला एकच खडक बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासायचा. टाकीवरचा दिवा अर्धाच वेळ. रबरी नळीने वाळूवरची साय ओढून घ्यायची. क्लॅरीला वाकता येईना, म्हणून नळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या.

“बादलीत सोड, महाराणी, पायावर नको.”

“पायावर सोडलं तर ऐकू येईल तुला. किंकाळी तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायची माझी.”

“म्हणूनच रांगा रिकाम्या.”

टॅनिया आता बुधवारीही फोन करायची, शुक्रवारीही. क्लॅरी दिनदर्शिकेच्या मागे प्रश्न लिहून ठेवायचा. फूल तोंड उघडत नाही, काय करू? कोळंबीचा कण दे, तांदळाएवढा. दिला, थुंकलं. चार दिवस थांब, परत दे. फोनच्या दिवशी तो दाढी करायचा. मी पाहिलं, पण बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही, म्हणजे बघा.

सातव्या आठवड्यात फुलाने कोळंबी धरून ठेवली. त्या शुक्रवारी टॅनिया म्हणाली, “आई मेबलला बोटाने भरवायची. आठवतं, बाबा?”

“आठवतं,” क्लॅरी म्हणाला.

फोन कोणीच ठेवला नाही. मी वर माझ्या खिडकीत हातात धुतलेली बशी घेऊन तशीच उभी होते.

जुलैच्या शेवटी काचेची नळी पस्तिशीला आली. काच स्वच्छ, फुलाच्या बोटांवर तपकिरी रंग परतलेला, आणि मेबल पुन्हा काचेपाशी, माझ्या झग्याकडे नापसंतीने बघत. क्लॅरीने फोनवर सगळं सांगितलं.

“मस्त, बाबा! जमलं की तुला. आता माझी गरज नाही.”

“ये की एकदा बघायला.”

“बघू,” टॅनिया म्हणाली.

त्या बुधवारी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. क्लॅरी दोन्ही दिवशी दाढी करून बसला होता. रविवारी पाचला आला. मेबल कशी आहे, बरी आहे, खाते, खाते, बरं ठेवते. मी चहाला खाली गेले, तर तो दिनदर्शिकेची मागची बाजू वाचत बसलेला. सगळ्या प्रश्नांवर काट मारलेली.

पुढच्या मंगळवारी तो काठी टेकत फाटकातून आत येताना दिसला. दुसऱ्या हातात माझी लाल बादली, काठोकाठ भरलेली. टाकीत समुद्राचं पाणी जायचं ते फक्त पाणी बदलायच्या दिवशी, एक गुरुवार सोडून एक. हा तो नव्हता. मी खाली गेले. टाकीतलं पाणी खुणेखाली दोन बोटं उतरलेलं. बादली त्याने टाकीशेजारी स्टुलावर ठेवली होती आणि तो तिच्याकडे बघत उभा होता.

“आज गुरुवार नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

आयुष्यभर मी दुसऱ्याच्या ओळी सांभाळल्या. कोणी अडखळलं की शब्द पुरवला. त्या दिवशी नाही; अशा बादल्या टाकीत गेल्या की मेबल पुन्हा आजारी आणि बुधवारचा फोन पुन्हा सुरू, हे दोघांनाही कळत होतं. मेबल फुलातून निघून काचेपाशी आली, खायला मिळेल म्हणून. क्लॅरीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तुझे पाय अजून सुजतात का गं?”

“नाचून नाचून सुजलेत. आता काय उतरतात?”

तो स्वयंपाकघरात गेला. मटण भाजायचं पसरट भांडं घेऊन आला, बादली त्यात उपडी केली, वरून किटलीतलं गरम पाणी ओतलं. मग पावसाच्या टाकीचं गोडं पाणी जगात घेऊन, धार धरून, मेबलचं पाणी खुणेपर्यंत आणलं.

भांड्यात चार पाय मावेनात. म्हणून त्याचा एक बुडला, माझा एक. आम्ही टाकीकडे तोंड करून बसलो. फोन भिंतीवर होता, आणि रविवार पाच दिवसांवर.