वायसरमामांची अमानत

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आजवर लिहिलं ते परीक्षेचे पेपर, वसतिगृहाचे अर्ज आणि वायसरमामांची पत्रं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे एखाद्या माणसाविषयी कसं लिहायचं असतं हे विचारायचं तरी कुणाला? तरीही लिहितो आहे, कारण मामांवर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. काही चुकलं तर ती चूक माझी समजा.

मामा नव्या माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी तळहात बघत. वडील मला परंड्याकडच्या आमच्या खेड्यातून धाराशिवला घेऊन आले आणि मामांच्या दोन खोल्यांपैकी एक माझ्यासाठी मागितली, तेव्हा मामा म्हणाले, "हात बघू." मला वाटलं, भविष्य सांगतात. मी मोठ्या आशेनं उजवा हात पुढे केला. वडीलही वाकून बघू लागले. मामांनी माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवला, तो पायजम्याला पुसला आणि म्हणाले, "खारा हाय."

"म्हंजी? नोकरी लागंल का न्हाय?" वडील घाबरून म्हणाले.

"नोकरीचं म्या काय सांगू? पोराच्या हाताला घाम लई, आन घाम खारट. ह्याचा हात लागलेलं लोखंड चार दिवसांत गंजंल. ऱ्हाऊ द्या हितं, खुशाल ऱ्हाऊ द्या. पर माझ्या हत्याराला शिवायचं न्हाय."

अशी मला खोली मिळाली, आणि नावही मिळालं. मामा मला कधी माझ्या नावानं बोलावत नसत. "काय कॉलेज, जेवलास का?" असं म्हणत.

त्यांचं स्वतःचं नावही लोक विसरून गेले होते. हातपंपाच्या पोटात चामड्याची एक वाटी असते, तिला आमच्याकडे वायसर म्हणतात. ती झिजली की दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही. मामा सायकलवर पाने, साखळी आणि चामड्याचे तुकडे घेऊन गावोगाव जात आणि वायसर बदलत. पाणी आलं की पहिली ओंजळ स्वतः न पिता पंपावर सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या बाईला बोलावून तिचा हंडा आधी लावत. "म्होरच्या बाया रोजच म्होरं असत्यात," म्हणत. कोणी कुरकुर केली तर पाना हातात घेऊन विचारत, "काढू का वायसर परत?"

पण मामांचा जीव ह्या पान्यांत नव्हता. तो होता एका मिटत्या चाकूत. एकाच मुठीत मोठं पातं, लहान पातं, कात्री, कानस, पेचकस आणि टोच्या. सगळं मिटलं की तळहाताएवढं. त्या काळी आमच्या भागात तसलं हत्यार कोणी बघितलं नव्हतं. ते मामांचं नव्हतं. "ती अमानत हाय," असं ते सांगत. म्हणजे दुसऱ्याची, आपल्याजवळ सांभाळायला असलेली वस्तू.

बाहत्तरच्या दुष्काळात बेंबळीच्या पलीकडच्या एका वस्तीवर बोअर घ्यायची गाडी आली होती. गाडीवरचे साहेब कर्नाटकाकडचे, हिंदीत बोलायचे. तीन भोकं कोरडी गेली. चौथ्याला पाणी लागलं आणि माणसं चिखलात लोळायला लागली. पंप बसवताना वायसर मोठा निघाला. साहेबांनी खिशातला चाकू काढून मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "काम होते ही वापस देना." मामा म्हणाले, "हां साब." वायसर कातरून, बसवून, पाणी आलेलं बघून मामा वर उठले, तर गाडी पुढच्या गावाला निघून गेलेली. सायकल घेऊन ते फुफाट्यातून मागे धावले, पण गाडी सापडली नाही.

"म्या हां म्हणालो हुतो," एवढंच ते पुढं म्हणत. मी राहायला गेलो तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती.

ह्या सात वर्षांत चाकूवर गंजाचा ठिपका नव्हता. मी म्हटलं, "मामा, आपल्याकडे पाऊसच कुठं आहे गंजायला?" त्यावर ते भडकले. "पाऊस फुकट बदनाम हाय. लोखंड खातो त्यो माणसाचा घाम. दुष्काळात तर जास्तच घाम येतो." म्हणून चाकू ते कमरेच्या चंचीत कधी ठेवत नसत. सदऱ्याच्या वरच्या खिशात, तेल पाजलेल्या चिंधीत गुंडाळून ठेवत. काम झालं की प्रत्येक पातं उघडून पुसायचं, उन्हात धरायचं, मग प्रत्येक सांध्यात हिराच्या काडीनं एक थेंब तेल सोडून दहा वेळा उघडमीट करायची. तेलही घरचं चालायचं नाही. "करडीचं तेल दोन दिवस चमकतं, मंग गोंदावाणी चिकटतं. त्यात धूळ बसली की पातं उघडताना रडतं." गल्लीतल्या टेलरकडून ते शिलाई मशीनचं तेल बाटलीच्या बुचात आणत.

मामी चुलीपासून ऐकवायच्या, "त्या चाकूला रोज तेल. माझ्या डोक्याला हाय का आठवड्यातनं एकदा?"

"तुझ्या डोक्याला गंज चढत न्हाय," मामा म्हणत.

"कसा चढंल? तुमी बसू देताय व्हय?"

अमानत आहे तर तो वापरायचा कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं. मामा म्हणाले, "नुस्ता ठिवला तर सांध्यात गंज धरंल. रोज थोडं काम द्यायचं. पर लिंबू कापायचं न्हाय, कैरी न्हाय, चिंच न्हाय." आंबट लागलेलं पातं रात्रीतून काळं पडतं, हे मला तेव्हा कळलं. कॉलेजच्या रसायनशास्त्रात ते पुढच्या वर्षी आलं.

साहेबांना शोधायची पत्रं मी लिहू लागलो. मामांना वाचता यायचं, लिहायचं म्हटलं की सहीपुरतं. पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, की बाहत्तर साली बेंबळीकडे बोअर घेणाऱ्या गाडीवर असलेले साहेब आता कुठं आहेत. "जवाबी कार्ड घाल, त्यास्नी लाज वाटंल," मामा सुचवत, म्हणजे उत्तरासाठीचं कोरं कार्ड जोडलेलं. दोन वर्षं कुणालाही लाज वाटली नाही.

पत्र टाकून आलं की मामा चाकू काढून पुन्हा पुसत बसत. एकदा म्हणाले, "कॉलेज, साहेब गावला आन म्हणाला, ठेव तुलाच, मंग?"

"मग बरंच की. तुमचाच होईल."

"अरं, मंग ते बक्षीस झालं. इतकी वर्षं म्या बक्षिसाला तेल लावलं व्हय? त्यानं घेतला पाहिजे."

त्या दिवसापासून मलाही तीच धास्ती लागली. साहेब सापडावेत आणि त्यांनी तो चाकू परत घ्यावा, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. शिष्यवृत्ती आली तेव्हा मामांना काहीतरी द्यावं असं मनात आलं. ज्या चर्मकार सहकारी सोसायटीच्या दुकानातून मामा वायसरचं चामडं घेत, तिथंच मी चाकूसाठी म्यान करायला सांगितलं. कारागीर म्हणाला, "वायसरमामाला? चाकूला? त्यांना इचारलंस का?" मी म्हटलं, अचानक द्यायचंय. तो मान खाली घालून हसला आणि म्हणाला, "दे मंग. फुलं काढू का वर?"

मामांनी म्यान उलटंपालटं करून बघितलं, वास घेतला आणि "लई झ्याक" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कमरेला लावून, चाकू त्यात घालून ते रोज बाहेर पडू लागले. मी दारातून बघत असे. मला फार अभिमान वाटायचा.

त्याच श्रावणात मामांना मुदतीचा ताप आला आणि सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना मामींना म्हणाले, "चाकू कॉलेजकडं दे." माझा खारा हात लागू नये म्हणून मी तो फडक्यात धरला, म्यानात घातला, बटण लावलं आणि ट्रंकेत पुस्तकांखाली ठेवला. बारा दिवस बाहेर झड लागली होती. बारा दिवस मी त्याला हात लावला नाही, आणि आपण किती नीट सांभाळतो आहोत असं मला वाटत होतं.

मामा घरी आले. भिंतीला टेकून बसले आणि चाकू उघडू लागले. कात्री उघडेना. मोठं पातं निघालं, त्यावर तांबडे ठिपके पसरलेले.

मी रडायच्या बेताला आलो. मामा रागावले नाहीत. म्यानाच्या आत बोट घालून त्यांनी ते माझ्या गालाला लावलं. दमट लागलं.

"चामडं पाणी धरतं, कॉलेज. म्हणून तर ते पंपात चालतं."

"मग तुम्ही रोज त्यात का ठेवत होता?"

"तू आणलं हुतंस," ते म्हणाले.

गल्लीतल्या टेलरनं नंतर मला सांगितलं, मामा रोज कोपरा वळला की त्याच्या दुकानाशी सायकल थांबवत, चाकू म्यानातून काढून चिंधीत गुंडाळत आणि खिशात ठेवत. परत येतानाही तिथंच थांबत आणि तो पुन्हा म्यानात घालून घरी येत. मी दारात असेन म्हणून.

अशक्त हातांनी त्यांनी चाकू दुरुस्त करायला घेतला. एक दिवस बशीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मग गोवरीची चाळलेली राख फडक्यावर घेऊन एकाच दिशेनं घासत बसले. मी पॉलिश पेपर आणून दिला, तो परत केला. "ह्यो गंजासंगं लोखंडबी नेतो." चार दिवसांनी कात्री उघडली, ठिपके गेले. मोठ्या पात्यावर मसुरीच्या दाण्याएवढा एक खड्डा मात्र राहिला. मामा त्यावरून नख फिरवून म्हणाले, "ह्यो बसला."

महिन्याभरानं एक जवाबी कार्ड परत आलं. साहेब निवृत्त होऊन मिरजेला मुलीकडे राहतात, खाली पत्ता. मामांनी कार्ड तीनदा वाचलं आणि उशाखाली ठेवलं. लगेच निघतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आधी लिही. डाग पडलाय ते कळव. न सांगता कसं जायचं?"

मी लिहिलं, माझ्या निष्काळजीपणामुळे पात्यावर डाग पडला. वाचून दाखवलं तसे मामा म्हणाले, "खोड ते. चाकू त्यांनी माझ्या हातात दिला हुता. लिही, आमच्या घरात डाग पडला."

मी त्या घरात भाडेकरू होतो. "आमच्या घरात" हे शब्द मी लिहिले, आणि उरलेलं पत्र लिहायला मला बराच वेळ लागला.

त्याचं उत्तर येण्याआधीच माझा रखडलेला निकाल लागला आणि मी पुढच्या शिक्षणाला औरंगाबादला गेलो. मामा एसटी स्टँडवर आले होते. "साहेबाचं काय झालं ते कळवतो," म्हणाले. त्यांची पत्रं लिहिणारा मीच होतो, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. अभ्यासात तिसरं राहून गेलं. ह्याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात वडिलांचं कार्ड आलं. वायसरमामा गेले. सकाळी पंपावर जायला म्हणून सायकल काढली आणि दारातच बसले, एवढंच त्यांना बाजारात कळलं होतं.

परीक्षा संपताच मी धाराशिवला गेलो. मामी जात्यापाशी बसल्या होत्या. मी बसलो, पाणी प्यालो, तब्येतीचं विचारलं, टेलरचं विचारलं. मामा रात्री चाकू ठेवत त्या कोनाड्याकडे माझी नजर सारखी जात होती. नवरा गेलेल्या बाईला चाकूचं कसं विचारायचं?

"इचार की," मामीच म्हणाल्या. "मघाधरनं कोनाड्याकडं चोरावाणी बघतुयास."

"मामा मिरजेला गेले होते का?"

"गेले. संक्रांत झाल्यावर. येडशीला मिरजेच्या बारक्या रेलगाडीत म्याच बसवून दिलं."

"साहेब भेटले?"

"भेटले. पर त्यास्नी आता दिसत न्हाय. मोतीबिंदू का काय. पत्र लेकीनं वाचून दावलं हुतं म्हणं, पर डागाचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. सगळी पाती उघडून चाचपली, म्हणाले, एकदम नया है. ह्यास्नी गप बसायला काय झालं हुतं? न्हाय. ह्यांनी साहेबाचं बोट धरलं आन डागावर नेऊन ठिवलं."

"मग?"

"साहेब बोट तिथंच फिरवत बसले. मंग इचारलं, त्या बोअरला पाणी हाय का अजून? हे म्हणाले, हाय. साहेबांनी एकेक पातं मिटवलं आन चाकू खिशात घातला."

"ठेव तुलाच, असं नाही म्हणाले?"

"न्हाय रं. खिशात घातला आन वर हात ठिवून बसले." मामींनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांना हसू आलं. "परत यायच्या दिशी म्या येडशीला घ्यायला गेल्ते. गाडी थांबायच्या आधीच ह्यो मानूस दारातनं वाकून वरडाया लागला. सगळं टेशन बघतंय. मला तर मेल्यावाणी झालं. नुस्तं घेतला, घेतला, म्हणून वरडत हुते. साहेबानं घेतला!"