माझ्या बाबांची युक्ती, तिचा व्हिडिओ

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यापर्यंत थांबले तर मी समजूतदार होईन, आणि समजूतदार झाले की मी खोटं लिहिते, छान छान, सगळ्यांना बरं वाटेल असं. म्हणून क्लिनिकमधली मीटिंग संपवून घरी आले, पर्स सोफ्यावर टाकली आणि सरळ टाइप करायला बसले. शुद्धलेखन बघू नका.

तर मी जळतेय. एका मुलीवर. आणि ती मुलगी चांगली आहे, हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग.

पहिल्यापासून सांगते. आम्ही अमेरिकेत एडिसनला राहतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ह्या समरला, म्हणजे २००७च्या, मला पर्थ अँबॉयच्या एका क्लिनिकमध्ये काम मिळालं. घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, पण ओक ट्री रोडवर जशा आपल्या साड्या-मिठाईच्या पाट्या तशा तिकडे स्पॅनिश पाट्या. येणारे पेशंट बहुतेक सगळे लॅटिनो. कोणी पोर्तो रिकोचं, कोणी डॉमिनिकन, कोणी मेक्सिकन. आणि घरटी एकाला तरी शुगर. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आम्ही पत्रकं वाटतो, लोक ती पार्किंग लॉटमध्येच टाकून जातात. पण त्यांची पोरं दिवसभर इंटरनेटवर व्हिडिओ बघत बसतात. तर आपण शुगरवर छोटे छोटे व्हिडिओ करू, स्पॅनिशमध्ये. पोरं बघतील आणि घरच्यांना दाखवतील.

त्यासाठी दोघींना घेतलं. मी आणि ती. दोघींनी आपापले व्हिडिओ करायचे, आणि समर संपताना डॉक्टरबाई एकीची सिरीज निवडणार. ती वर्षभर चालणार, जिने केली तिच्या नावाने, तिच्या चेहऱ्याने. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की सुरुवातीचं म्युझिक कुठलं घ्यायचं हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवलं होतं.

आणि मिळेल असंच वाटत होतं. शाळेत चार वर्षं स्पॅनिश, प्रत्येक वर्षी वर्गात पहिली. ती डॉमिनिकन, स्पॅनिश तिची घरची भाषा, पण लिहायची वेळ आली की माझ्याकडे यायची, "अगं, हे नीट आहे का बघ ना." मी बघायचे आणि मनात म्हणायचे, आली का.

माझा पहिला व्हिडिओ म्हणजे अ‍ॅनिमेशन. मी एक पॅनक्रियाज काढलं, त्याला डोळे दिले, हातपाय दिले, त्याच्या तोंडून इन्सुलिनचं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरबाईंनी दोनदा तपासलं, एकही चूक नाही. अपलोड केला आणि पेज रिफ्रेश करत बसले. जेवताना रिफ्रेश, सिग्नलला थांबल्यावर करता आलं असतं तर तिथेही केलं असतं. दुसऱ्या दिवशी एक कॉमेंट आली. उघडली तर बाबांची. 'व्हेरी इन्फर्मेटिव्ह. कीप इट अप.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

"बाबा, कॉमेंटमध्ये सही करत नाहीत."

"मग त्यांना कळणार कसं कोण म्हणतंय ते?"

"कोणाला कळायचंय?"

"हे बघ, मी पाठिंबा देतोय, तू मला फॉरमॅट शिकवू नकोस."

तिचा पहिला व्हिडिओ मला आधी माहीतच नव्हता. आणि इथे मला गाडीतलं बोलणं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच झालं.

मी तिला संध्याकाळी घरी सोडायचे. एका सोमवारी तिने विचारलं, वीकएंड कसा गेला, आणि मी सुरूच झाले. आदल्या दिवशी आमच्याकडे पुण्या-नागपूरकडची सगळी गँग जेवायला होती. मी तिला आग्रह म्हणजे काय ते समजावलं. की आमच्याकडे नको म्हटलं की वाढतात. पहिलं नको हे नको नसतंच, ते म्हणायची पद्धत असते. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या मधून वाढतात. आणि माझ्या बाबांना शुगर आहे, म्हणजे बॉर्डरवर आहे असं आम्ही लोकांना सांगतो, म्हणजे खरं तर सांगतच नाही, आणि श्रीखंड घेऊन काकू समोर उभी राहिली की बाबा तिला काय सांगणार? तर त्यांनी एक युक्ती काढलीये. कोशिंबीर संपवायची नाही. शेवटपर्यंत जराजराशी खात राहायची. ताट रिकामं दिसलं की वाढणारा येतो. ताटात काहीतरी आहे आणि तोंड हलतंय म्हटल्यावर तो पुढच्या ताटाकडे जातो.

ती इतकी हसली की सीटबेल्टला धरून वाकली. म्हणाली, "माझी तिया सेम आहे, यार." तिया म्हणजे मावशी किंवा आत्या, त्यांच्याकडे दोघींना एकच. आणि यार ती माझ्याकडून शिकली होती, तेही नोंदवून ठेवते.

त्याच आठवड्यात तिचा व्हिडिओ आला. साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर, हललेला, मागे टीव्ही चालू. तिया हातात हा एवढा डाव घेऊन टेबलाभोवती फिरतेय. ही बसलीये सॅलड चिवडत. तिया येते, प्लेट बघते, तोंड हलताना बघते, पुढे जाते. ही कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारते. मग पुढचा भाग. तिया तिला पकडतेच, वाढायला जाते, आणि ही म्हणते, "तिया, मी नाही म्हटलं म्हणजे तुझा भात वाईट नाही. माझी शुगर वाईट आहे. उद्या परत येईन की." तिया तिच्याकडे बघते. बघते. मग पातेल्यावर झाकण ठेवते, असं जोरात, एखाद्यावर उपकार केल्यासारखं. संपलं. शेवटी ती म्हणते, ही युक्ती माझ्या मैत्रिणीच्या बाबांची आहे, ग्रासियास, सर.

कॉमेंट वाढतच होत्या. माझी आई अशीच आहे. माझ्या आजीला दाखवला, ती रागावली, मग परत लावायला सांगितला. माझ्या वडिलांची शुगर चारशेवर गेली होती, आम्ही काय करू? आणि ती त्या प्रत्येकाला उत्तर देत होती, क्लिनिकचा फोन नंबर देत होती, आणि लोक खरंच फोन करत होते. रिसेप्शनवरची बाई मला सांगायला आली, "तुमच्या व्हिडिओमुळे फोन थांबत नाहीये." तुमच्या. मी म्हटलं, हो ना.

आता मला सांगा, मी भांडणार काय? चोरलं म्हणू? तिने तर थँक यू म्हटलंय, ते पण माझ्या बापाला. आणि तिया तर तिचीच आहे, मी काय तिया उसनी दिली होती? पण तरी मी जळत होतेच. ते सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं, दर दोन आठवड्यांनी, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी काय करत होते? पॅनक्रियाजला बूट घालत होते.

मग आईने तो व्हिडिओ बघितला. बाबांनी दाखवला, अर्थातच, ग्रासियास सर ऐकल्यापासून ते हवेतच होते. आईला स्पॅनिशचं अक्षर कळत नाही. ती लॅपटॉपसमोर बसून खुदूखुदू हसत होती.

"बघा, ही बाई डिट्टो तुमच्या बहिणीसारखी. डाव धरायची पद्धत बघा."

"आई, तुला काय कळलं त्यातलं?"

"न कळायला काय झालं? ही म्हणते खा, ती म्हणते नको, ही म्हणते एवढंच. त्यात काय भाषा लागते?"

"आणि माझा बघितलास तो?"

"बघितला की. ते बटाट्यासारखं काय होतं ग?"

आणि त्या रविवारी काय झालं माहितीये? काकूने बाबांपुढे श्रीखंडाची वाटी धरली आणि माझी आई, जिने आयुष्यात कधी कोणाला वाढताना थांबवलं नाही, ती म्हणाली, "त्यांना नको, वहिनी. त्यांची शुगर वाढलीये." सगळ्यांसमोर. बॉर्डर वगैरे नाही, सरळ. मी कोपऱ्यात उभी. मी दोन वर्षं आईला चार्ट दाखवत होते, फ्रीजवर लावला होता एक. आणि हे एका डॉमिनिकन मावशीने करून दाखवलं, जिला महाराष्ट्र कुठे आहे हे माहीत नाही. बाबांसाठी मला आनंद झाला. झालाच. पण तो दुसऱ्या नंबरवर होता.

मग मी ठरवलं, आपणही घरात शिरायचं. अ‍ॅनिमेशन गेलं खड्ड्यात. क्लिनिकमध्ये पोर्तो रिकोच्या एक सेन्योरा यायच्या, साठीच्या, स्वतःला शुगर, आणि घरी कोणी आलं की खाऊ घालून मारतात अशी त्यांची ख्याती. त्या स्वतःच तसं सांगायच्या. मी विचारलं, तुमच्याकडे जेवायला येऊ का, कॅमेरा घेऊन? त्या खूश. माझा प्लॅन असा, की त्या मला आग्रह करतील, मी नको म्हणेन, त्या अजून करतील, ते सगळं शूट होईल आणि मग मी शुगरचं बोलेन. तिच्यापेक्षा भारी. तिची तिया तर घरचीच होती, ही खरीखुरी पेशंट.

गेले. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, लाल दिवा सुरू. पिवळा भात, त्यात तुरीचे हिरवे दाणे, बाजूला चिकन, तळलेली केळी. वासाने मी अर्धी झाले. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा एवढंसं वाढलं, ते मी कधी संपवलं मलाच कळलं नाही. मग त्या डाव घेऊन आल्या.

"अजून?"

आणि मी, माझ्या आईची मुलगी, म्हटलं, "नको, नको, बास."

थोडी मान वळवून, जरा लाजून. जसं आपण म्हणतो. आता त्या म्हणतील, असं कसं, मग मी म्हणेन, बरं, थोडंसं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या. आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. जोरात.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीने मला तो व्हिडिओ दाखवला, तियाचा. आता मी कोणाला जबरदस्ती करत नाही. नाही म्हणजे नाही. बरोबर ना?"

मी म्हटलं, बरोबर.

मग मला वाटलं, थोड्या वेळाने तरी विचारतील. कॉफी विचारली, बिनसाखरेची. भात नाही विचारला. आणि मला स्वतःहून मागता येईना, यार, मेले असते तरी मागता आलं नसतं. कॅमेरा चालू होता, त्यात मी झाकणाकडे बघतेय एवढंच शूट झालं. येताना रस्त्यात गाडी थांबवून फ्राइज खाल्ले.

आज ती मीटिंग. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुझा नवीन व्हिडिओ? मला काहीतरी सांगणं भागच होतं, तर मी जे झालं ते सांगितलं. झाकण, कॉफी, सगळं. डॉक्टरबाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या सेन्योरांनी घरी करून बघितलं. आणि तुझ्यासमोर केलं." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मला एवढंच बघायचं होतं." आणि सिरीज तिला दिली. मीच पुरावा आणून टेबलावर ठेवला आणि वर नीट समजावून पण सांगितला.

तिने मला मिठी मारली. मी पण मारली, जरा ताठ. मग ती पार्किंग लॉटमध्ये माझ्यामागे आली.

"तू माझ्याबरोबर लिहिशील? तुझ्या घरच्या गोष्टी हव्यात मला. तुमच्याकडे अजून काय काय करतात?"

"म्हणजे मी सांगायचं आणि तू करायचं."

"आपण दोघींनी करायचं. नाव दोघींचं. चेहरा पाहिजे तर तुझा."

"चेहरा तुझाच चालतो," मी म्हटलं, आणि ते टोमण्यासारखं निघालं, आणि तिला ते कळलं पण. ती म्हणाली, "विचार कर," आणि बसकडे गेली. आज मी तिला घरी सोडलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दे की गोष्टी. त्यांचं काय लोणचं घालणारेस?"

"आई, त्या माझ्या आहेत."

"त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत. मी म्हणते, दे."

गोष्टी आहेत माझ्याकडे. उपासाला साबुदाण्याची खिचडी दुप्पट खाणारे काका आहेत, डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस गोड बंद करणारी मावशी आहे, आणि मला माहितीये की ह्यातली प्रत्येक गोष्ट पर्थ अँबॉयमध्ये चालेल. आणि तिच्या तोंडून जास्त चालेल. तेच तर खातंय मला. तिची मेल पण आलीये आत्ता, लिहितालिहिता दिसली, अजून उघडली नाही.

तुमचं कधी झालंय का असं? की गोष्ट तुमच्या घरची, आणि ती दुसऱ्या कोणीतरी सांगितली, आणि खरंच चांगली सांगितली, इतकी की लोकांचं भलं झालं, आणि तुम्ही टाळ्या वाजवताना दात आवळून बसलात? मग पुढची गोष्ट तुम्ही दिलीत की नाही दिलीत? खाली लिहा. तोपर्यंत मी मेल उघडत नाही.