बापूंचा ब्रह्मदेश

शनिवारी सकाळी बापू केळशीकर बुटांना पॉलिश करायला बसले की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा त्या घरात नियम होता. नियम बापूंनी केलेला आणि सुमनकाकूंनी दर शनिवारी न चुकता मोडलेला. बापू स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना पेपर पसरून, हातात फाटका मोजा चढवून, ते काळे चामडी तळाचे बूट घासत बसायचे. समोर पोळ्या लाटता लाटता काकू मला म्हणायच्या, "बघ, निघाले लढाईला." बापू मान वर न करता उत्तर द्यायचे, "तळ गुळगुळीत पाहिजे. माणूस अडखळला तर चालतं, पाय अडखळता कामा नये."

ही लढाई म्हणजे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका कम्युनिटी हॉलमधला टी डान्स. चहा, केक आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं बिग बँडचं संगीत. बँड निवृत्त मंडळींचा. पुढे सॅक्सोफोन, मागे ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन, आणि ड्रमवर असे एक आजोबा की डोळा लागला तरी त्यांचा हात थांबत नसे. सगळ्यांनी एकदम फुंक मारली की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या चहा अर्धा टाकून उठायच्या. मी चिंचवडहून नोकरीसाठी नुकताच आलो होतो आणि केळशीकरांच्या वरच्या खोलीत राहायचो. बापूंचं ड्रायव्हिंग काकूंनी बंद केलेलं, त्यामुळे ड्रायव्हर मी. नुसतं सोड आणि जा, असं सांगून बापूंनी मला नेलं आणि आत शिरल्या शिरल्या एका आजीच्या स्वाधीन केलं. तिथे बायका ढीगभर आणि पुरुष मोजके. मी त्या बिचारीचे दोन्ही पाय तुडवले. बापू शेजारून गिरकी घेत गेले आणि जाता जाता मला मराठीत सुनावलं, "डोकं गाडीत ठेवून ये. ठेका कमरेत शिरला की पाय आपले आपण बघतात." शिकवणी तेवढीच.

कोकणातल्या केळशीच्या माणसाला हे वेड लागलं कुठून? तर बापू साठच्या दशकात इथल्या मोटारीच्या कारखान्यात लागले, तेव्हा एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहायचे. थंडी, एकटेपणा, उकडलेला कोबी. रविवारी संध्याकाळी त्या बाई रेकॉर्ड लावायच्या आणि स्वयंपाकघरात एकट्याच, झाडू हातात धरून नाचायच्या. त्यांचा नवरा युद्धात गेला होता. एके दिवशी त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला आणि दारात उभ्या राहिलेल्या बापूंना बोलावलं. "पहिली पावलं मी त्या फरशीवर टाकली," बापू सांगायचे. "आजही ट्रॉम्बोन ऐकला की मला त्या कोबीचा वास येतो. आणि खोटं कशाला सांगू, बरा वाटतो."

खोटं कशाला सांगू, हे बापूंचं पालुपद. आणि हा माणूस त्या हॉलमध्ये पहिल्या दिवसापासून धडधडीत खोटं बोलत होता.

झालं असं की, ते पहिल्यांदा गेले तेव्हा दारात डोरीन उभी होती. हॉलची सगळी व्यवस्था तिच्याकडे. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती विचारायची, युद्धात कुठे होता? बापू बावचळले. मी काही युद्धातला नाही, असं म्हटलं तर ही बाई दारातूनच परत पाठवेल, असं त्यांना वाटलं. त्यांचा एक मामा ब्रह्मदेशात लढायला गेला होता, तेवढं आठवलं. बापू म्हणाले, ब्रह्मदेशात. मग हिशेब जुळवायला वयात डझनभर वर्षं घालावी लागली. ऐंशीला टेकलेला माणूस असा नाचतो म्हटल्यावर बायका थक्क. रहस्य काय, तर बापूंनी सांगितलं, हळदीचं दूध. डोरीन रोज रात्री नाक मुरडत ते पिऊ लागली.

तेवढ्यावर थांबतील तर बापू कसले! चहाच्या टेबलावर ब्रह्मदेश वाढतच गेला. जंगलात बांबूचा डान्स फ्लोअर आला, वर पूर्ण चंद्र आला, विमानाने बँड आला, बँडपाठोपाठ नर्सेस आल्या. आणि मग कळलं की हॉल गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळ व्हीलचेअरमध्ये बसणारा आर्थर खराखुरा ब्रह्मदेशात लढलेला आहे. त्याची मुलगी त्याला आणून सोडायची. तो नाचायचा नाही, फारसा बोलायचा नाही. फक्त बापूंच्या शेजारी खुर्ची लावून घ्यायचा आणि विचारायचा, "मग पुढे?" बापूंना दरदरून घाम फुटायचा. पण पुढचं सांगायचेच!

युद्ध संपल्याला साठ वर्षं झाली, त्या वर्षी डोरीनने ठरवलं की युद्धावर गेलेल्या प्रत्येकाने स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. पहिले बापू. त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. खरं सांगावं तर तो हॉल सुटणार, आणि या वयात दुसरीकडे कोण यांना नाचायला घेणार? खोटं रेटावं तर समोर आर्थर, ज्याने मित्र गमावले होते. आजारी पडून बघू का, असं त्यांनी मला विचारलं. पोळी तव्यावर टाकत काकू म्हणाल्या, "गप्पा मारणं निराळं. त्या माणसाच्या तोंडासमोर स्टेजवर चढून मिरवायचं नाही. सांगून टाका." त्या एवढं बोलून थांबल्या नाहीत, कोट घालून आमच्याबरोबर निघाल्या. त्या हॉलमध्ये काकू पहिल्यांदाच येत होत्या.

बापू स्टेजवर गेले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. युद्ध संपलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ते म्हणाले. ब्रह्मदेश मी पाहिलेला नाही. आमच्या गावात रॉकेल मिळेना, एवढंच माझं युद्ध. मला फक्त तुमच्याबरोबर नाचायचं होतं.

ड्रमवाले आजोबासुद्धा जागे झाले. मग डोरीनने विचारलं, नक्की वय काय तुमचं? बापू म्हणाले, अडुसष्ट. डोरीन उसळली. तिच्या शिव्या गाळून सांगतो, "म्हणजे दोन वर्षं मी ते पिवळं दूध उगाच पीत होते?" कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग डोरीन स्वतःच हसू लागली आणि म्हणाली, युद्धात मी वेल्समधल्या एका शेतावर होते, मेंढ्या राखत. युद्धातला बँड मीही कधी पाहिला नव्हता. आणखी कोणी कोणी काय काय कबूल केलं, ते विचारू नका. त्या हॉलमधल्या निम्म्या आठवणी आईबापांकडून उसन्या आणलेल्या निघाल्या.

पण बापूंचं लक्ष आर्थरकडे. ते खाली उतरून त्याच्यापाशी गेले आणि माफी मागू लागले. आर्थरने हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "चिखल होता तिथे, आणि जळवा. बँड कसला येतोय!"

"मग बोलला का नाहीस?"

"साठ वर्षं माझ्याकडे एकच ब्रह्मदेश होता," आर्थर म्हणाला. "तुझा बरा वाटला."

काकूंनी मागून बापूंना खुर्ची सरकवली. "बसा," त्या म्हणाल्या, "आणि सांगा त्याला पुढचं."

त्यानंतर बापू शनिवारी आधी आर्थरपाशी बसत आणि मग नाचायला उठत. डोरीन कुरकुर करायची, पण थांबायची. बापूंना जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांचं नाचणं मला आठवतं, पण डोळ्यांसमोर येतो तो आर्थरचा शेवटचा शनिवार. फार थकला होता. बापूंनी चंद्र वर आणला, विमान उतरवलं, बँड उभा केला. आर्थरने डोळे मिटूनच विचारलं, "मी होतो का रे तिथे, त्या रात्री?"

"होतास म्हणजे?" बापू म्हणाले. "अरे, पहिला डान्स तुझाच होता."